सातखणीच्या सावलीतली थडगी

रेवदंडा म्हटलं की आपल्या हॉस्टेलला तीन गोष्टी आठवतात : समुद्र, मासळीची थाळी आणि परतीची शेवटची एसटी. "किल्ला बघितलास का?" असं विचारलं तर उत्तर येतं, "हो ना, रस्त्यातच लागला." उत्तर तसं बरोबरच आहे. अलिबागहून नागाव, चौल करत साधारण १८ किलोमीटरवर रेवदंडा येतं आणि डांबरी रस्ता तटबंदीतूनच गावात शिरतो. आत घरं, शाळा, दुकानं, नारळी-पोफळीच्या वाड्या. किल्ल्याचा तट कुठे संपला आणि कुणाच्या वाडीचा गडगा कुठे सुरू झाला तेसुद्धा पटकन कळत नाही.

याच वाड्यांमध्ये पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. चर्चच्या फरशीखाली माणसं पुरायची ही त्यांची रीत होती. इथे त्यांची सत्ता दोनशेहून जास्त वर्षं टिकली. तेवढ्या काळात युरोपातून आलेले व्यापारी, त्यांच्या बायका, मुलं, शिपाई आणि पाद्री या मातीत गेले. म्हणजे आपण जिथे सावली बघून डबा उघडतो, ती कुणाची तरी शेवटची जागा असू शकते.

इतिहासाच्या पुस्तकात या लोकांचे राजे, व्हाइसरॉय आणि लढाया येतात. साध्या व्यापाऱ्याचं नाव मात्र बऱ्याचदा एकाच ठिकाणी उरतं, ते म्हणजे त्याच्या थडग्यावर. अशी थडगी कुठे असतात, कशी वाचायची आणि का सांभाळायची, एवढंच या लेखात सांगायचं आहे. परीक्षेला येणार नाही, तेव्हा निवांत वाचा!

फॅक्टरी, पण मशीन नाही

फॅक्टरी म्हटलं की आपल्याला लेथ, शिफ्ट आणि इन-प्लांट ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आठवतं. त्या काळी फॅक्टरी म्हणजे वखार. मालकाच्या वतीने परदेशात खरेदी-विक्री करणारा माणूस म्हणजे फॅक्टर. तो जिथे राहतो, माल साठवतो आणि हिशेब लिहितो ती फॅक्टरी.

पोर्तुगीजांनी चौलला वखार घातली १५१६ मध्ये. १५२१ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने त्यांना किल्ला बांधायची परवानगी दिली. आजचं रेवदंडा म्हणजे त्या वेळचं खालचं चौल, ते फिरंग्यांचं गाव झालं. जुनं, वरचं चौल निजामशाहीकडेच राहिलं. चौलचं सुती आणि रेशमी कापड बाहेर जायचं, होर्मुझहून घोडे यायचे. १५८३ मध्ये राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी या किनाऱ्याने गेला. त्यानेही चौलची दोन गावं वेगवेगळी नोंदवली आहेत, एक पोर्तुगीजांचं आणि एक मुसलमानांचं.

हा व्यापार फायद्याचा होता, पण त्याची किंमत जबर होती. लिस्बनहून गोव्याला यायलाच सहा महिने लागायचे. वाटेत स्कर्व्ही, इथे आल्यावर हिवताप, हगवण, पटकी. हे रोग कशामुळे होतात ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढे इंग्रज मुंबईत आले तेव्हा तर अशी म्हणच पडली की इथे माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. मुंबईला आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्रीने ती लिहून ठेवली आहे. आपण दोन पावसाळ्यांत फार तर चार सेमिस्टर संपवतो!

गाव तेच कब्रस्तान

आता मुख्य प्रश्न. रेवदंड्यात या लोकांचं कब्रस्तान कुठे आहे? कंपाउंड वॉल, लोखंडी गेट, ओळीने क्रॉस असं काही शोधत गेलात तर निराश व्हाल. सोळाव्या शतकातल्या कॅथलिक गावात स्मशान गावाबाहेर नसायचं. मेलेल्या माणसाला शक्यतो चर्चच्या आतच, फरशीखाली पुरायचे. वेदीच्या जितकं जवळ तितका मान मोठा. ज्याची ऐपत नाही त्याला चर्चच्या अंगणात जागा. वर दगडी फरशी, तिच्यावर नाव आणि घराण्याचं चिन्ह. रोज प्रार्थनेला येणारे लोक त्या फरश्यांवरूनच चालत जायचे. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण त्यांच्या दृष्टीने ते चांगलं होतं. येणाजाणाऱ्याचं लक्ष जाईल, कुणीतरी आपल्यासाठी दोन शब्द प्रार्थना म्हणेल, हा त्यामागचा विचार.

चौलच्या या छोट्या गावात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट अशा चारही पंथांचे मठ होते. शिवाय मुख्य चर्च वेगळं. सगळ्यांत ओळखीचा अवशेष म्हणजे सातखणी मनोरा. सात खण होते म्हणून सातखणी. आज त्यातले निम्मेच उरलेत. समुद्रावरून येताना लांबूनच दिसतो. पुष्कळांना तो टेहळणीचा बुरूज वाटतो, पण तो फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा आहे. म्हणजे त्याच्या पायथ्याशी चर्च होतं, आणि चर्च म्हटलं की त्याखाली माणसं आली. हा हिशेब एकदा कळला की रेवदंड्याचा नकाशाच बदलतो. जिथे जिथे उंच कमान किंवा भिंतीत वेदीचा कोनाडा दिसेल तिथे समोरची जमीन म्हणजे कब्रस्तान समजायचं. रेवदंड्यात आता या जमिनीवर गवत आणि पालापाचोळा आहे. फरश्या मातीखाली गेल्या, फुटल्या किंवा उचलल्या गेल्या.

फरशी जागेवर असती तर काय दिसलं असतं, हे बघायचं असेल तर वसईच्या किल्ल्यात जा. तिथल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये छप्पर नाही, पण जमिनीत कोरलेल्या फरश्या अजून आहेत. जेझुइट चर्चमध्ये इझाबेल दि आगियार या विधवा बाईंच्या नावाचा १५९१ चा दगड नोंदवलेला आहे. त्यांनी तिथल्या कॉलेजला सढळ हाताने मदत केली म्हणून त्यांना मानाची जागा मिळाली. वसई आणि चौलच्या अशा अवशेषांची नोंद करणारा माणूस आपल्याकडचाच. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे जे. जेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये या दोन गावांच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पेशंट सांभाळून दगड वाचत फिरायचं, हे त्या काळात सोपं काम नव्हतं.

एक गंमत बघा. चौलमध्ये मेलेल्या सगळ्यांत प्रसिद्ध पोर्तुगीजाला थडगंच नाही. मार्च १५०८ मध्ये कुंडलिकेच्या मुखाशी पोर्तुगीजांची इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली. पहिल्या व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा त्यात होता. त्याचं जहाज मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकलं. तोफगोळ्याने पाय मोडला तरी डोलकाठीला टेकून बसून तो हुकूम देत राहिला, असं सांगतात. त्याचं प्रेत कधीच सापडलं नाही. बापाने पुढच्या वर्षी दीवला जाऊन सूड घेतला, पण पुरायला मुलगा मिळाला नाही. रेवदंड्याच्या खाडीत आजही मासे मिळतात, खुंट आजही रोवतात. लॉरेन्सोची तेवढीच खूण.

साडेआठचं गेट आणि हेन्री ऑक्झिंडेन

रेवदंड्याचं आणि रायगडाचं एक नातं फारसं कुणी सांगत नाही. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील म्हणून हेन्री ऑक्झिंडेन आला होता, हे आपण शाळेत शिकलोय. तो मुंबईहून बोटीने निघाला आणि पहिला मुक्काम पडला चौलला. पोचायला रात्रीचे नऊ वाजले. पोर्तुगीजांनी गावाचे दरवाजे बंद करून पहारा बसवला होता. आत प्रवेश नाही! इंग्रज वकिलाला रात्र काढावी लागली वेशीबाहेरच्या सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चर्चमध्ये. आपल्या हॉस्टेलचं गेट बंद झाल्यावर वॉचमनशी हुज्जत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुसऱ्या दिवशी महाराज चिपळूणहून रायगडाला परतल्याची खबर आली आणि मंडळी अष्टमीच्या वाटेला लागली. हे अष्टमी म्हणजे आपलं रोहा-अष्टमी. तिथून निजामपूर, पाचाड करत रायगड.

या ऑक्झिंडेन घराण्याची थडगी बघायला मात्र रायगडचा किनारा सोडून सुरतेला जावं लागतं. तिथे कारण इंग्रजांची मुख्य वखार सुरतेला होती आणि मुंबईसुद्धा तेव्हा सुरतेच्या हुकमाखाली होती. सर जॉर्ज ऑक्झिंडेन हा सुरतेच्या वखारीचा प्रेसिडेंट. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखार लढवली ती यानेच. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, जॉर्ज १६६९ मध्ये. दोघांच्या थडग्यांवर दुमजली घुमट आहे. बघितला तर चर्च कमी आणि मुसलमानी मकबरा जास्त वाटेल. डचांनी मग आपल्या कब्रस्तानात १६९१ मध्ये वारलेल्या व्हॅन रीडचं मोठं घुमटाचं थडगं बांधलं. हा तोच व्हॅन रीड ज्याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ करवून घेतला. जिवंतपणी मिरी आणि कापडासाठी चढाओढ, मेल्यावर घुमटासाठी!

पण इथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्या. पोर्तुगीज गावाचे मालक होते, त्यामुळे त्यांनी गावाच्या मधोमध चर्च बांधून आत माणसं पुरली. सुरतेत इंग्रज आणि डच हे मुघलांचे भाडेकरू. गावात चर्च बांधून त्यात पुरायची सोय नाही, म्हणून गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर कब्रस्तान. नाइलाजाने केलेली ही गोष्ट पुढे युरोपला शहाणपणाची वाटली. जॉन व्हॅनब्रू नावाचा तरुण १६८० च्या दशकात सुरतेच्या वखारीत नोकरीला होता. परत जाऊन तो इंग्लंडचा नामांकित आर्किटेक्ट झाला, ब्लेनहाइम पॅलेस त्याचाच. १७११ मध्ये लंडनमध्ये नवीन चर्च बांधायची योजना आली तेव्हा त्याने लिहून दिलं की चर्चच्या आत पुरणं बंद करा, गावाबाहेर कब्रस्तानं करा, सुरतेत इंग्रजांनी केली आहेत तशी. सोबत चित्रही काढून दिलं. टेक्नॉलॉजी ट्रान्सफर नेहमी तिकडून इकडेच होते असं समजणाऱ्यांसाठी हे उदाहरण.

ते पण हॉस्टेलवालेच

या लोकांना आपण 'साहेब' म्हणून ओळखतो. पण वखारीतलं रोजचं आयुष्य वाचलं तर ओळखीचं वाटतं. १६३८ मध्ये मॅन्डेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत राहिला होता. सगळ्यांनी एकाच टेबलावर जेवायचं, सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला हजर राहायचं. त्या वखारीतल्या तीन नातेवाइकांनी एकाच दिवशी इंग्लंड सोडलं होतं, तो शुक्रवार होता. म्हणून दर शुक्रवारी प्रार्थना झाली की ते आपापल्या बायकांची आठवण काढून पेला उचलायचे.

कंपनीच्या नोकरीत पहिली पायरी रायटरची, म्हणजे कारकुनाची. मग फॅक्टर, ज्युनियर मर्चंट, सीनियर मर्चंट. रायटर म्हणून येणारी पोरं आपल्याच वयाची, काही तर फर्स्ट इयरवाल्यांपेक्षा लहान. घरून पत्र यायला आणि उत्तर जायला मिळून वर्ष उलटायचं. आजारी पडलेल्याची खबर घरी पोचायची तोवर तो जमिनीखाली गेलेला असायचा. त्यांनी व्यापारातून पुढे काय केलं, मीठ आणि कापसापासून राज्यापर्यंत कसे पोचले, ते आपल्याला माहीत आहे आणि ते विसरायचं कारण नाही. पण थडग्यासमोर उभं राहिलं की राज्य दिसत नाही. वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा दिसतो, ज्याला घरी जायचं होतं.

आणि एक बाजू थडग्यावर कधीच दिसत नाही. हा माल विणणारे चौलचे विणकर, तो बोटीत चढवणारे हमाल, गुलाम म्हणून विकली गेलेली माणसं, चर्चचे दगड घडवणारे पाथरवट. दगडावर अक्षर कोरलं ते बहुधा यांच्यातल्याच कुणीतरी, पण नाव दुसऱ्याचं. म्हणून थडगं वाचताना कोरलेलं नाव वाचायचं आणि ज्याने कोरलं त्याचीही आठवण ठेवायची.

दगड कसा वाचायचा?

आता प्रॅक्टिकल. ही पद्धत वसई, गोवा, सुरत, कोची कुठेही चालेल.

१. भाषा ओळखा. पोर्तुगीज दगडाची सुरुवात बहुतेक वेळा 'सेपुल्तुरा दि...' अशी होते, म्हणजे 'अमक्याचं थडगं'. किंवा 'आकी जाझ', म्हणजे 'इथे निजला आहे'. लॅटिनमध्ये 'हिक याचेत', डचमध्ये 'हिर लेइत', इंग्रजीत 'हिअर लाइथ'. चारही भाषांत अर्थ एकच. त्यानंतरचा शब्द म्हणजे नाव.

२. 'वारस' शब्द शोधा. पोर्तुगीज दगडावर नावापुढे पुष्कळदा 'ई दि सेउस एर्देइरुश' असं असतं, म्हणजे 'आणि त्याच्या वारसांचं'. ही जागा त्या कुटुंबाची आहे असा तो मालकीचा कागदच. जुनी हाडं बाजूला करून त्याच खड्ड्यात पुढची पिढी पुरायची. म्हणून एका फरशीखाली एकच माणूस असतो असं धरून चालू नका.

३. तारखेला फसू नका. पोर्तुगालने १५८२ मध्ये नवीन म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, इंग्लंडने थेट १७५२ मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकात दोघांच्या तारखांत १० दिवसांचा फरक. राज्याभिषेकाची इंग्रज नोंदीतली तारीख ६ जून १६७४. त्याच दिवशी चौलच्या पोर्तुगीज पाद्रीच्या कॅलेंडरवर होती १६ जून! तिथी मात्र एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. शिवाय जुन्या इंग्रज पद्धतीत नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून सुरतेच्या लुटीचा जानेवारी १६६४ इंग्रज कागदात १६६३ म्हणूनही दिसतो. थडग्यावर जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चची तारीख असेल तर वर्ष दोनदा तपासा.

४. चित्रं वाचा. कवटी आणि दोन हाडं म्हणजे समुद्री चाचे नव्हेत, आणि '४४० व्होल्ट, सावधान' तर नव्हेच. 'तुलाही एक दिवस इथेच यायचं आहे' एवढाच तिचा निरोप. ढाल असेल तर ते घराण्याचं चिन्ह. चिन्ह मोठं आणि मजकूर छोटा असेल तर माणूस मानाचा.

५. प्रकाश तिरपा हवा. भर दुपारी अक्षर दिसत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उन्हं कलली की झिजलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. दुपारी गेलात तर टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरा. फोटोत शेजारी स्केल ठेवा म्हणजे माप कळतं. अक्षरांत खडू, हळद, तेल, रंग यातलं काहीही भरू नका. एकदा छिद्रात गेलेलं तेल परत निघत नाही.

दगडालाही आजार होतो

हा भाग आम्हा सिव्हिलवाल्यांचा. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट घट्ट असतो, म्हणून तीन-चारशे वर्षांपूर्वीचं अक्षर अजून टिकतं. पण त्यात गॅसचे बुडबुडे अडकून झालेली छिद्रं असतात. समुद्राच्या वाऱ्याबरोबर खारट पाणी या छिद्रांत आणि चुन्याच्या दर्जांत जातं. पाणी वाळलं की मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दाब देतात. पाऊस आला की मीठ विरघळतं, ऊन पडलं की परत स्फटिक. असं वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस दगडाची पापडी सुटते. ज्या पापडीवर नाव कोरलेलं असतं नेमकी तीच.

दुसरा आजार मुळांचा. वड-पिंपळाचं बी पक्ष्यांमार्फत भिंतीच्या सांध्यात पडतं. वरून तोडलं तरी मूळ आत राहतं आणि सांधा उघडत जातो. तिसरा आजार हौशी दुरुस्तीचा. जुन्या चुन्याच्या बांधकामाला सिमेंटचा गिलावा केला की बघायला छान वाटतं. पण सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि पाण्याला अडवणारं. आतला ओलावा मग सांध्यातून बाहेर पडण्याऐवजी दगडातून बाहेर पडतो आणि मिठाचं काम दगडावरच सुरू होतं. म्हणून जुन्या बांधकामाला चुनाच लागतो.

चौथा आजार आपणच आहोत. भिंतींवर दगडाने, चावीने, खिळ्याने कोरलेली नावं, बाण लागलेली हृदयं, कॉलेजची आणि बॅचची नावं. सोळाव्या शतकातला पाथरवट छिन्नीने अक्षर कोरायचा ते मेलेल्या माणसासाठी. आपण जिवंतपणी स्वतःचंच कोरून ठेवतो! रेवदंड्याचा कोट आणि समोरचा कोर्लई, दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार असं स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर 'गुन्हा दाखल आहे का?' असाही एक रकाना असतो, हे जाता जाता.

वारस कोण?

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४० मध्ये तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अंमलदार आणि पाद्री निघून गेले. 'अमक्याचं आणि त्याच्या वारसांचं' असं कोरून ठेवलेल्या जागेला वारसच उरला नाही. कोचीत वेगळं घडलं. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमधल्या फरश्या १८८७ मध्ये जमिनीतून काढून भिंतींत बसवल्या, त्यामुळे त्या आज उभ्या आहेत आणि वाचता येतात. चर्च वापरात होतं, म्हणून कुणीतरी लक्ष घातलं. रेवदंड्यात चर्चच ओस पडली.

पण सगळेच गेले असं नाही. साळावचा पूल ओलांडून कोर्लई गावात जा. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे ख्रिस्ती लोक पोर्तुगीजपासून तयार झालेली एक भाषा घरात बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज शिपाई आणि इथल्याच बायामाणसांच्या संसारातून ती जन्मली. १७४० नंतर तिला ना पोर्तुगीज शाळा मिळाली ना पोर्तुगीज राजा, आजूबाजूला सगळी मराठी, तरीही ती टिकली. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. फरशीवरची अक्षरं गेली, पण त्यातले काही शब्द कोर्लईच्या स्वयंपाकघरात अजून वापरात आहेत. तिथे जाल तेव्हा प्रदर्शन बघायला आल्यासारखं "जरा बोलून दाखवा ना" असं म्हणू नका. "काका, मावशी" म्हणून साधी विचारपूस करा. भाषा आपोआप कानावर पडते.

काही जण विचारतील, आपल्यावर राज्य करायला आलेल्यांची थडगी आपण का सांभाळायची? मला हा प्रश्न रास्त वाटतो. इन्क्विझिशन, गुलामांचा व्यापार, जबरदस्तीची धर्मांतरं, हे सगळं याच लोकांच्या काळात झालं. पण पुरावा आवडता आहे की नावडता हे बघून तो जपायचा नसतो. चौल हे एके काळी जगाच्या नकाशावरचं बंदर होतं, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याची साक्ष द्यायला जे साक्षीदार आहेत त्यांत हे परके मेलेले लोकही आहेत. त्यांचे वंशज लिस्बनहून येऊन गवत काढणार नाहीत. ज्याच्या वाडीत ती कमान उभी आहे तो नारळवाला आणि रविवारी तिथे फिरायला जाणारे आपण, आता एवढेच वारस.

म्हणून एक सूचना मांडते. दरवर्षी आमचा सर्व्हे कॅम्प होतो आणि तोच कॅम्पस आम्ही परत परत मोजतो. एक वर्ष पुरातत्त्व खात्याची आणि वाडीच्या मालकांची रीतसर परवानगी काढून रेवदंड्यातल्या एखाद्या चर्चचा अवशेष मोजूया. टोटल स्टेशनवर भिंतींचा प्लॅन, प्रत्येक भिंतीचा फोटो स्केलसकट, कोरीव दगड दिसला तर त्याची जागा आणि माप. काही उकरायचं नाही, हलवायचं नाही, पुसायचं नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी सगळं नीट फाइल करून द्यावं, मराठी चांगलं असणाऱ्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्या जागांची बोलीतली नावं लिहून घ्यावीत. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक आपल्या लायब्ररीला. पुढच्या पावसाळ्यात एखादा दगड निखळला तर तो कुठे होता हे निदान सांगता येईल. ज्यांना यायचं आहे त्यांनी नावं सिव्हिलच्या नोटीस बोर्डाखालच्या वहीत लिहावीत. भिंतीवर नकोत!